लेगो चित्रपटासारखी फिल्म घरी करताना: अडखळ राहू द्या, लुकलुक घालवा

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा ११ वर्षांचा. लेगोचे चित्रपट पुन्हापुन्हा पाहून त्याने घरातल्या ठोकळ्यांची, मोबाइलवर एकेक फोटो काढून फिल्म करायला घेतली: इंदूरच्या राजवाड्यासमोर एक पोलीस चोराचा पाठलाग करतो. फिल्म अडखळते, लुकलुकते, मोठ्या पडद्यावरच्यासारखी दिसत नाही, म्हणून तो हिरमुसलाय. त्याच्या बाबांचं म्हणणं, चांगला कॅमेरा आणि मोठा सेट घेऊन देऊ. एका क्लासवाल्यांनी सांगितलंय की ते चित्रपट कॉम्प्युटरवरच बनतात, तेव्हा ठोकळे सोडा आणि थ्रीडीचा कोर्स लावा. तुम्ही विचारताय की यातलं काय करू.

सध्या तरी यातलं काहीच करू नका. मी इथेच इंदुरात स्टॉप मोशनचं, म्हणजे असंच एकेक फोटो काढून फिल्म करायचं, काम करते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शिबिरंही घेते. तुम्ही जोडलेली क्लिप मी पाहिली. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक अडखळ, म्हणजे माणूस एका जागेवरून पुढच्या जागी टुणकन पोचतो. दुसरी थरथर, म्हणजे जे हलायला नको तेच हलतं: मागची भिंत, खालचा पाया, आकाशाचा निळा कागद. तिसरी लुकलुक, म्हणजे उजेड फोटोगणिक कमीजास्त होतो. तुमचा मुलगा या तिन्हींना मिळून 'खराब' म्हणतोय आणि म्हणून नेमकं काय सुधारायचं ते त्याला कळत नाहीये. यातली पहिली गोष्ट तर दोष नाहीच. मूळ चित्रपटात ती मुद्दाम ठेवलेली आहे.

क्लासवाल्यांचं अर्धं खरं आहे. २०१४ चा पहिला चित्रपट, फिल लॉर्ड आणि ख्रिस्टोफर मिलर यांचा, कॉम्प्युटरवरच झाला. अ‍ॅनिमेशन सिडनीच्या अ‍ॅनिमल लॉजिक या स्टुडिओने केलं. पण त्या लोकांनी कॉम्प्युटरची ताकद कशावर खर्च केली ते पाहा. लेगोच्या माणसाला गुडघा नाही, कोपर नाही. मान फिरते, खांदा फिरतो, मनगट फिरतं, पाय कमरेतून पुढेमागे होतात, बस्स. कॉम्प्युटरवर त्याचा हात रबरासारखा वाकवणं अगदी सोपं होतं, आणि तेच त्यांनी टाळलं. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात, पण पात्रांच्या हालचालीत पुष्कळ ठिकाणी एकच पोझ दोन फ्रेम धरून ठेवली आहे. म्हणजे सेकंदाला १२ पोझ. तुमचा मुलगा सेकंदाला १२ फोटो लावतोय, तेच गणित. वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे सहसा जो धूसरपणा असतो तोही पात्रांना दिलेला नाही. हात फार जोरात फिरायचा असेल, तर एका क्षणापुरते जास्तीचे हात किंवा त्याच रंगाचे ठोकळे तिथे लावले आहेत.

त्याहून गमतीचं म्हणजे ठोकळ्यांवर बोटांचे ठसे आहेत, ओरखडे आहेत, धूळ आहे. बेनी नावाचा जो निळा अंतराळवीर आहे, त्याचं शिरस्त्राण हनुवटीपाशी तडकलेलं आहे, कारण ऐंशीच्या दशकातली ती खरी खेळणी तिथेच तडकायची. व्हिट्रुव्हियस हा म्हातारा जादूगार मेल्यावर त्याचं भूत येतं ते चक्क दोऱ्याला लटकत येतं, आणि दोरा दिसतो. नळाचं पाणी, समुद्र, धूर, स्फोट, सगळं ठोकळ्यांचंच. घरी ठोकळ्यांच्या फिल्मा करणारे हौशी लोक कितीतरी वर्षं जे करत होते, त्याचाच हा थाट आहे. अशा हौशी लोकांकडून स्पर्धेतून मागवलेले तुकडेही त्यात वापरले आहेत. तेव्हा मुलाला सांगा की तू त्यांची नक्कल करायला धडपडतोयस, आणि त्यांनी तुझी केली आहे.

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे हलते देखावे, निघतात, त्यातला भीम गदा उचलतो तो काय लोण्यासारखा मऊ उचलतो का? खटक्यात वर, खटक्यात खाली. तरी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण तो बघतोच. डोळा अडखळीला सरावतो, अट एवढीच की ती एकसारखी हवी. डोळ्याला खुपते ती लुकलुक. म्हणून आधी तिच्याकडे वळते.

लुकलुकीची कारणं घरोघरी वेगळी असतात, पण इंदूरच्या घरात मी पहिल्यांदा वर बघते. पंखा. ट्यूबलाइटच्या किंवा बल्बच्या खाली पंखा फिरत असेल, तर पातं उजेड कापतं आणि प्रत्येक फोटोत सावली वेगळ्या जागी पडते. शिवाय वाऱ्याने कागदाचं आकाश फडफडतं, ती थरथर वेगळी. कूलरचंही तेच. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षा आहे, मला मान्य आहे. म्हणून शिबिरात आम्ही शूटिंग पहाटे उरकतो आणि दुपारी कागदावर गोष्ट लिहितो.

दुसरं कारण खिडकी. ऊन सरकतं, ढग येतो, समोरच्या गच्चीवर कुणी पांढरी चादर वाळत घातली तरी खोलीतला उजेड बदलतो. पडदा ओढा, त्यावर जाड चादर टाका, आणि फक्त दिव्यावर काम करा. अभ्यासाचा एक टेबललॅम्प पुरतो. त्यापुढे थोडं अंतर सोडून बटर पेपरचा ताव ताणून लावा, म्हणजे ठोकळ्यांवर चमक मारणार नाही. खजुरी बाजारात स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळेल. गणपतीच्या आराशीतल्या एलईडी माळा मात्र वापरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण फोनने सेकंदाच्या २५० व्या भागात फोटो टिपला तर एक फोटो उजेडाच्या चढावर सापडतो आणि पुढचा उतारावर. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/२५ किंवा १/१० सेकंदावर ठेवा. तेवढ्या वेळात दिव्याचे चढउतार पुरे होतात आणि सगळे फोटो सारखे येतात. ठोकळे हलत नसतात, त्यामुळे शटर कितीही सावकाश असलं तरी बिघडत नाही.

तिसरं कारण फोनचा शहाणपणा. चोर कॅमेऱ्याजवळ आला की फोन आपणहून उजेड कमी करतो, लांब गेला की वाढवतो, मधूनच रंगही पिवळट करतो. उजेड, रंग आणि फोकस, तिन्ही कुलूपबंद करायचे. तो बहुधा स्टॉप मोशन स्टुडिओ हेच अ‍ॅप वापरत असेल. त्यात ही सोय आहे, पण किती नीट चालते ते फोनवर अवलंबून आहे. काही फोनवर रंगाचं कुलूप बसत नाही. तसं असेल तर फोनच्या मूळ कॅमेऱ्यात प्रो मोडवर फोटो काढा आणि मग ते अ‍ॅपमध्ये आणा. थोडी उठाठेव आहे, पण फुकट आहे.

आणि चौथं कारण तुमच्या क्लिपमध्ये अगदी स्पष्ट दिसतंय. लाल ठोकळ्यांवर एक पांढुरका डाग इकडून तिकडे सरकतो. तो तुमच्या चिरंजीवांचा शर्ट आहे. हे प्लास्टिक गुळगुळीत असतं, समोर जे असेल ते त्यात दिसतं. गडद रंगाचा टीशर्ट घालायचा आणि दर फोटोला एकाच जागी उभं राहायचं. जमिनीवर खडूने खूण करून ठेवली की काम भागतं.

थरथरीचं निदान सोपं आहे. फोन हातात धरून किंवा पुस्तकाला टेकवून फोटो काढले तर कितीही सांभाळलं तरी हलणार. स्टँड नसेल तर फोन दोन जाड पुस्तकांत चिमटून वर तांदळाची पिशवी ठेवा. फोटोचं बटण बोटाने दाबू नका. पुष्कळ फोनवर वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण कॅमेऱ्याचं बटण म्हणून चालतं. डुगडुगतं टेबल असेल तर सरळ जमिनीवर पाट ठेवून त्यावर सेट लावा. तुमचं घर राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यातलं आहे असं तुम्ही लिहिलंय. माळा लाकडी असेल तर कुणी चाललं तरी तळ हलतो, अशा वेळी तळमजल्यावरची खोली बघा किंवा निदान शूटिंगपुरती घरच्यांची ये-जा थांबवा. ठोकळ्यांचा पाया पाटाला दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा. फेविक्विक नको. पहिल्या चित्रपटातला खलनायक ज्या 'क्रॅगल' नावाच्या अस्त्राने जग गोठवायला निघतो, ती शेवटी अक्षरं पुसलेली गोंदाची ट्यूबच निघते, हे मुलगा तुम्हाला सांगेलच.

आता अडखळ. ती राहू द्या म्हणाले, पण तुमच्या क्लिपमधली अडखळ एकसारखी नाही आणि वेगाचा हिशेबही चुकलाय. हा हिशेब मुलाला कागदावर करायला लावा. शिबिरातल्या मुलांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. लेगोचा माणूस साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो. ठोकळ्यांच्या पायावरच्या दोन बटणांमधलं, म्हणजे गोल उंचवट्यांमधलं, अंतर ८ मिलिमीटर. प्रत्येक फोटोला माणूस एक बटण पुढे सरकवला आणि सेकंदाला १२ फोटो लावले, तर तो सेकंदात ९६ मिलिमीटर जातो, म्हणजे स्वतःच्या उंचीच्या जवळजवळ अडीच पट. साडेपाच फुटी माणसाच्या मापाने हे सेकंदाला १३ फूट झालं. हे चालणं नव्हे, पळणं आहे. तुमच्या क्लिपमध्ये पोलीस फोटोगणिक तीन तीन बटणं सरकतो. त्याच मापाने तो ताशी ४० किलोमीटरच्या वर जातोय, आणि तेसुद्धा चोराला शोधत रमतगमत चालण्याच्या दृश्यात!

चालण्यासाठी दोन फोटोंना एक बटण हे माप धरा. एका फोटोत पाय फाकलेले, पुढच्यात जुळलेले, मग दुसरा पाय पुढे, पुन्हा जुळलेले. पाय फाकलेला असताना तळवा बटणात नीट बसत नाही आणि माणूस पडतो. टाचेखाली क्लेची बारीकशी कणी लावा, कॅमेऱ्याला दिसत नाही. पळण्यासाठी फोटोला एक बटण. आणि चालायला लागण्याआधी, तसंच थांबल्यावर, माणूस निदान पाचसहा फोटो स्तब्ध राहू द्या. मुलं हे हमखास विसरतात. एक हालचाल संपायच्या आत दुसरी सुरू झाली की बघणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत, नुसती गडबड दिसते. चोर थांबला, त्याने मान वळवली, पुन्हा थांबला, मग पळाला: यात दोन थांबे आहेत, आणि हसू येतं ते त्या थांब्यांमुळे.

काम किती लागेल तेही आधीच सांगून ठेवा. सेकंदाला १२ प्रमाणे एका मिनिटाला ७२० फोटो. म्हणून पहिली फिल्म अर्ध्या मिनिटाची करू द्या, पाठलागाचा नुसता शेवट. थांब्याच्या जागी दोनतीन फोटो आलटून पालटून वापरता येतात, तेवढी मेहनत वाचते.

तोंड हलत नाही ही त्याची तक्रार मी फारशी मनावर घेणार नाही. चित्रपटातले चेहरे छापील चित्रांसारखे सपाट ठेवून फ्रेमगणिक बदललेले आहेत. घरी ते करायचं तर फार किचकट. बोलताना मान थोडी हलवा, हात वर करा, पुरतं. ज्यांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चेहरा असतो अशी लेगोची माणसं मिळतात. डोकं फिरवलं की राग, फिरवलं की हसू.

सेटबद्दल. मोठा सेट घेण्याआधी कॅमेरा खाली आणा. तुमच्या क्लिपमध्ये सगळं वरून दिसतंय, आपण उभ्याने जमिनीवरचं खेळणं बघतो तसं. मूळ चित्रपट मोठा वाटतो, कारण तिथे कॅमेरा बहुतेक वेळा त्या चिमुकल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. फोन उलटा करून भिंग जमिनीलगत आणा आणि झूम न करता फोनच जवळ न्या. मग बघा काय होतं ते. राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. तो अख्खा बांधायला निघालात तर घरातले ठोकळे पुरणार नाहीत. पण माणसाच्या उंचीवरून फक्त दरवाजा आणि थोडी दगडी भिंत दिसते. तेवढंच बांधा. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते बांधायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला हिशेब.

पैसे खर्चायचेच असतील तर चार चांगली माणसं घ्या. बाजारातल्या लोकल ठोकळ्यांनी भिंती, रस्ता, झाडं उत्तम होतात, पण त्यातल्या माणसांचे सांधे पुष्कळदा ढिले निघतात. वर केलेला हात दोन फोटोंत आपणहून खाली येतो आणि तासाभराची मेहनत वाया जाते. सगळे लोकल वाईट असं नाही. दुकानात हात वर करून सोडा. राहिला तर घ्या.

थ्रीडीचा कोर्स मी ११ व्या वर्षी लावणार नाही, पण हे माझं मत आहे, नियम नव्हे. अशा क्लासात आधी सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. थांबा कुठे, वेग किती, कॅमेरा कुठे, हे ठोकळ्यांवर हाताने शिकलेलं पुढे कॉम्प्युटरवरही कामी येतं. उलट दिशेने ते क्वचित घडतं. मुलाला कॉम्प्युटरची ओढ असेलच, तर ब्रिकलिंक स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पडद्यावर ठोकळे जोडता येतात. हे ब्रिकलिंक आता लेगो कंपनीचंच आहे. आणखी दोनतीन वर्षांनी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकू द्या, तेही फुकट आहे.

चित्रपट मात्र पुन्हा बघू द्या, पण वेगळ्या तऱ्हेने. यूट्यूबवर अधिकृत ट्रेलर लावा, थांबवा, आणि कीबोर्डवर पूर्णविरामाचं आणि स्वल्पविरामाचं बटण दाबा. एकेक फ्रेम पुढेमागे सरकते. पहिल्या चित्रपटाचा नायक एमेट चालताना पाय कुठे आहेत, पोझ किती फ्रेम टिकते, ते मोजायला लावा. २०१७ चा बॅटमॅनवाला, ख्रिस मॅकेचा, उजेड-अंधार बघायला चांगला. त्याच वर्षीचा निंजागो मला कमी आवडतो: तिथे झाडं आणि पाणी खरं वाटेलसं केलंय, आणि त्यापुढे ठोकळ्यांची माणसं उपरी दिसतात. हे त्याला दाखवून विचारा की तुझ्या राजवाड्यापुढे खरी माती पसरायची का. कदाचित तो हो म्हणेल आणि त्याचं बरोबरही असेल. २०१९ च्या दुसऱ्या भागात डुप्लोचे जाड ठोकळे आणि घरातल्या वस्तू येतात, म्हणजे हाताशी साधे ठोकळे कमी असले तरी काय करता येतं त्याच्या कल्पना तिथे मिळतील.

आवाज तोंडानेच काढू द्या. बॅटमॅनवाल्या चित्रपटात बंदुकांचा आवाज पात्रं स्वतःच तोंडाने 'प्यू प्यू' करून काढतात, आणि थिएटरात पोरं त्यालाच हसतात. चित्रपटातलं गाणं मात्र मागे लावू नका, अपलोड केल्यावर कॉपीराइटची कटकट होते. यूट्यूबवर स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा टाकायचंच असेल तर तुमच्या खात्यावरून टाका.

सुरुवात अशी करा: या आठवड्यात नवी गोष्ट काढूच नका. रिकामा सेट लावून, काहीही न हलवता, ३० फोटो काढा आणि ते लावून बघा. चित्र अगदी स्थिर दिसलं पाहिजे. उजेड बदलला तर लुकलुक बाकी आहे, कडा हलल्या तर थरथर. दोन्ही गेल्याशिवाय पोलिसाला आत आणायचं नाही. ती रिकाम्या सेटची क्लिप इथे टाका, सोबत फोन कोणता आणि दिवा कोणता ते लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.